जहाजानं आलेली ज्वारी

मु. सांगवी, ता. उदगीर, जि. उस्मानाबाद
११ मार्च १९७२

ताहेरभाऊ यांस,
जयभीम आणि सलाम.

मी गुणाबाई, तुमच्या जहाजावरच्या भीमाची बायको. हे पत्र घरात कुणाला न सांगता लिहिते आहे. सातवी पास आहे, तेव्हा कुणाकडून लिहून घेतलं असं समजू नका.

जानेवारीत तुम्ही घरी आलात. एक भाकर खाल्लीत आणि दुसरी नको म्हणालात. एरवी यांच्याबरोबर सुटीवर आलात की टोपली रिकामी झाल्यावरच तुमचा हात थांबायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "तुमच्या बिलोलीत दुष्काळ हाय का रं ताहेर?" या वेळी त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की माझं लेकरू तुला शेवटी कुठं दिसलं. तुम्ही दाराकडं बघितलं आणि म्हणालात, "पोहत होता, अम्मा. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. जोरात हात मारत होता."

तुम्ही गेलात आणि त्या दिवसापासून सासूबाई उठून बसल्या. सरकारची तार आलेली आहे. जहाज दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीनं बुडवलं, आपला मुलगा बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे, असं मास्तरांनी वाचून दाखवलं होतं. सासूबाई म्हणतात, "समजण्यात येतंय म्हंजे त्यांनला बी ठाव न्हाई. ताहेर तितं व्हता. तार व्हती का तितं?"

त्यांचं म्हणणं असं की पोहणारा माणूस बुडत नाही. यांना गावच्या विहिरीत कधी उतरू दिलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. हे पोहायला शिकले ते माळावरच्या खदानीत, पावसाचं पाणी साचायचं त्यात. तिला बूड नाही म्हणायचे लोक. सासूबाई म्हणतात, त्या खदानीतून निघणारं पोरगं समुद्रात कसं बुडंल? पाणी कितीबी मोठं असलं तरी त्याला काठ असतोच. त्या रोज सकाळी माझ्या कपाळाकडं बघतात, कुंकू आहे ना म्हणून. मामा, म्हणजे माझे सासरे, उठून गोठ्यात जाऊन बसतात.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट पाहिजे. तुम्ही खरंच यांना पोहताना पाहिलंत का? पाकिटात कोरं कार्ड घातलंय, माझा पत्ता मीच लिहिलाय. पाहिलं असेल तर 'हो' लिहा, नसेल तर 'नाही' लिहा. जास्त लिहिलंत तर पोस्टमन वाचतो.

गुणाबाई भीमा सोनकांबळे


२ मे १९७२

ताहेरभाऊ,

कार्ड मिळालं. 'नाही' एवढंच लिहिलंय, खाली सहीसुद्धा नाही. मी सांगितलं तसंच केलंत, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. कार्ड चुलीत घातलं.

त्याच्यामागून तुमचं पाकीटही आलं. हे खाली बॉयलरवर ड्यूटीला होते. तुम्ही वर तोफेपाशी होतात. दोन धक्के बसले, दिवे गेले, आणि तुम्हाला पाण्यात फेकल्यासारखं झालं. दुसऱ्या जहाजानं तुम्हाला उचललं. खालचं कुणीही वर आलं नाही. कप्तानसाहेबही जहाजाबरोबर गेले. हे सगळं तुम्ही चांगलं लिहिलंय. तुमचं मराठी सुधारलंय, ते यांच्याच नादानं सुधारलं असणार. हे तुम्हाला वाक्यावाक्याला टोकायचे ना?

रागावले आहे, म्हणून असं लिहिते. पण तुम्ही खोटं का बोललात ते मला कळतं. म्हातारी समोर बसली होती, पदर पसरून बसल्यासारखी. मी तुमच्या जागी असते तर मीही तेच बोलले असते. फक्त मग मी निघून गेले नसते.

आता ऐका. या घरात रडायला मनाई आहे. माझे डोळे जरा लाल दिसले की सासूबाई विचारतात, "काय झालं गं? जित्या मानसावर रडतीस?" आमच्यात माणूस गेल्यावर जलदान विधी असतो. भंतेजी येतात, वंदना होते, गेलेल्याच्या नावानं पाणी दिलं जातं, आणि मग घरातलं माणूस मोकळं होतं. मामांना तो करायचा आहे. सासूबाई म्हणतात, जिवंत पोराच्या नावानं पाणी सोडाल तर मी त्याच पाण्यात जीव देईन.

त्यांना मी सांगितलं तर त्या म्हणतील, ही दुसरं घर करायला निघाली. मामांनी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा सरकारला भ्याला. त्यांचा भरवसा फक्त तुमच्यावर आहे, कारण तुम्ही तिथं होतात. तेव्हा रजा घ्या, या, आणि जे बोललात ते परत घ्या. तुमच्या तोंडून बाहेर पडलंय, ते तुम्हीच निस्तरा.

गुणाबाई


२० नोव्हेंबर १९७२

ताहेरभाऊ,

तुमचं जहाज विशाखापट्टणमला गेलंय आणि रजा नाही, हे वाचलं. नाही तर नाही. इकडचं ऐका.

पाऊस झालाच नाही. गेल्या साली थोडा तरी पडला होता, या साली ढगांनी तोंडसुद्धा दाखवलं नाही. आमच्या वस्तीवरची विहीर आटली. गावच्या विहिरीवर आमच्या बाया दूर उभ्या राहतात आणि कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओततात. मी आणि मामा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडतो. दगड कुठून येतो सांगू? माळावरच्या त्याच खदानीतून. पाणी संपलं तर खाली काय निघालं, एक फुटका माठ आणि नुसता खडक. बूड नाही म्हणायचे त्या खदानीला, पण आता लेकरं तिच्या तळाला गोट्या खेळतात. हे इथंच पोहायला शिकले, असं मी कुणाला सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीच्या सुमाराला मन्मथअप्पाच्या रेशन दुकानात तांबडी ज्वारी आली. मिलो म्हणतात तिला. अमेरिकेहून जहाजानं आलीय. भाकर थापली की तडकते, तांबडी लाल होते, आणि खाल्ली की पोटात दगड. सगळं गाव नाकं मुरडून खातंय. आमच्या सासूबाई मात्र पहिली पिशवी घरी आली तेव्हा तिला हात लावून रडल्या. आनंदानं रडल्या. म्हणाल्या, "आलं बग माझ्या लेकराचं."

मी म्हटलं, आत्या, हे सरकारनं पाठवलंय. त्या म्हणाल्या, "सरकारला काय जहाज हाकता येतंय का?"

यात त्यांची चूक कमी आणि यांची जास्त आहे. सहासष्ट साली असाच रेशनचा गहू आला होता, तेव्हा हे नवीनच भरती होऊन पहिल्या सुटीवर आले होते. शेजारपाजारचे जमले. एकानं विचारलं, "का रं भीमा, लष्कर लढतंय ते कळतं, पन समुद्रात तुमी कशाला उबे? तितं कुणाचं शेत हाय?" लोकांचंही बरोबर होतं. आमच्या मुलखाला समुद्र कधी नव्हताच. निजामालासुद्धा नव्हता, मग आम्हाला कुठून असणार? यांनी अंगणात काठीनं रेघा ओढल्या. म्हणाले, "लष्कराला हद्दीवर दगड असतो. समुद्राला दगड न्हाई, कुंपण बी न्हाई. तितं वाट राखावी लागती. तेल येतं, धान्य येतं, आपला माल जातो. त्या वाटंवर कुणी आडवं येऊ नये म्हून आमी उबे." सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे ह्यो गहू तुझ्या म्होरून आला?" हे हसले आणि म्हणाले, "हाव आई, माझ्या म्होरून."

एवढंच बोलणं. ते त्यांनी जपून ठेवलं. आता त्यांचा हिशेब साधा आहे. भीमा वाट राखतो तेव्हा धान्य येतं. धान्य आलं, म्हणजे वाटेवर भीमा आहे. तुम्ही त्याला पोहताना पाहिलंत, परक्या जहाजानं उचललं असणार, आणि आता तो त्या जहाजांबरोबर फिरतो. पत्र का येत नाही? तर "कामात हाय."

रोज पहिल्या भाकरीचा तुकडा त्या यांच्या नावानं काढून ठेवतात. संध्याकाळी तो स्वतः खातात. मी कामावरून आले की विचारतात, "दुकानात पोती आली का?" आली म्हटलं की त्यांचा चेहरा बघवत नाही, इतका आनंद असतो त्यावर.

या हो, ताहेरभाऊ. त्या माणसात आहेत तोवर या.

गुणाबाई


३ मार्च १९७३

ताहेरभाऊ,

तुमचं पत्र आलं. चार पानं लिहिलीत, आणि त्यात येतो असा शब्द कुठं नाही. लढाईत आपल्या बोटींनी कराचीवर कसा हल्ला केला, तेलाच्या टाक्या किती दिवस जळत होत्या, तिकडं बंगालच्या किनाऱ्याची कशी नाकेबंदी झाली, सगळं लिहिलंत. मी वाचलं. अभिमानही वाटला, खोटं का बोलू. पण मग तुम्ही लिहिता की विशाखापट्टणमपाशी त्यांची पण एक पाणबुडी बुडाली, तिच्यातलाही एकही वर आला नाही, आणि जहाज त्या पाण्यावरून जातं तेव्हा तुम्हाला जेवण जात नाही.

तिच्यातल्या पोरांना पण आया असतील. त्यांच्याकडं कुणी जाऊन सांगितलं का, की पोहत होता म्हणून? तिकडं जर सांगितलं नसेल, तर त्या आया रडून मोकळ्या झाल्या असतील. माझ्यापेक्षा बरी स्थिती आहे त्यांची.

लातूरला बालवाडी चालवणाऱ्या बायांचं शिक्षण सुरू होतंय. लातूर आता मोठं होणार, वेगळा जिल्हा होणार, असं सगळे बोलतायत. माझा भाऊ व्यंकटी मला न्यायला आला होता. सातवी पास बाई, कष्टाळू, घेतील म्हणाला. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "हिचा नवरा आला तर दारात कोण उबं राहील? लातूर राहील का?" भाऊ माझ्याकडं बघत बसला. नवरा गेलाय हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, सरकारला माहीत आहे. फक्त या घरात तो जिवंत आहे, आणि मी त्याची बायको म्हणून दारात उभी आहे. भाऊ एकटाच परत गेला.

मी तीस वर्षांचीसुद्धा नाही. दिवसभर दगड फोडते, आणि घरी आल्यावर मेलेल्या माणसासाठी कुंकू लावून बसते. मला दुसरं लग्न करायचं नाही, ते डोक्यातून काढा, कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगते. मला फक्त एकदा पोटभर रडायचं आहे आणि मग लातूरला जायचं आहे.

शेवटचं सांगते. रजा मिळेल तेव्हा या. मला कळवत बसू नका, माझ्या उत्तराची वाट बघू नका. नुसते या आणि सांगा. मी घरी नसले तरी सांगा. त्यांनी शिव्या घातल्या तर खा, भाकर दिली तर तीही खा. पण सांगितल्याशिवाय या घरातून उठू नका.

गुणाबाई


१२ फेब्रुवारी १९७४

ताहेरभाऊ,

हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय आमच्या घरात पाऊल टाकू नका. म्हणजे तुम्ही यायला निघाला असाल तर. मधल्या काळात तुमचं काही कळलं नाही, तुमचं जहाज कुठं आहे तेही ठाऊक नाही, म्हणून लगेच लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात पाऊस झाला. चांगला झाला. विहिरींना पाणी आलं, खदान भरली, रानं हिरवी झाली, आणि आता शाळूची सुगी चालू आहे. मी रोज काढणीला जाते. सगळं गाव हसतंय. आणि आमच्या घरात मरण बसलंय.

मिलो बंद झाली. मन्मथअप्पाच्या दुकानात सासूबाई काठी टेकत स्वतः गेल्या. मी मागून गेले. म्हणाल्या, "अप्पा, तांबडी ज्वारी कवा येनार?"

अप्पा म्हणाले, "आता कशाला येईल कोंडाबाई? पाऊस झाला की. सुटलो त्या मिलोतून."

"जहाजं येईनात का?"

"कशाला येतील? गरज संपली."

त्या तिथंच पायरीवर बसल्या. अप्पानं पाणी दिलं ते घेतलं नाही. घरी आल्यावर मी नव्या शाळूची भाकर केली, पांढरीशुभ्र, दोन वर्षांत अशी भाकर बघितली नव्हती आम्ही. त्यांनी ती हातात धरली आणि खाली ठेवली. म्हणाल्या, "ही हितली हाय. हिला त्याचं काय ठाव?" तेव्हापासून त्या नुसत्या पाण्यावर आहेत. कधी मामांनी हात धरून घास भरवला तर दोन घास. दिवसभर दारात बसतात. काल मला विचारलं, "वाट बंद झाली का गं? का राखनाराच गेला?"

दोन वर्षं मी तुमच्या मागं लागले होते की या आणि खरं सांगा. ते सगळं मी मागं घेते. ऐकताय ना? त्या मरतील हो. मला नाही जायचं लातूरला. मला रडायचंही नाही. या, आणि त्यांच्यासमोर बसून सांगा की पोहत होता. सांगा की परक्या जहाजावर आहे, त्या जहाजाची वाट आता दुसऱ्या देशाकडं गेली आहे, तिकडं दुष्काळ आहे म्हणून. काहीही सांगा. तुम्हाला जमतं ते. तुमच्या एका खोट्यावर त्या दोन वर्षं जगल्या, अजून एक सांगा, म्हणजे अजून काही दिवस जगतील.

लवकर या. आणि आलात तर आधी मला भेटा, वेशीपाशी मन्मथअप्पाच्या दुकानात थांबा. मी पाया पडते तुमच्या.

गुणाबाई


९ मार्च १९७४

ताहेर,

माझं पत्र तुम्हाला मिळालंच नव्हतं, हे तुमच्या तोंडावरूनच कळलं. ते जहाजाच्या टपालात कुठंतरी फिरत असेल. तुम्ही मात्र गेल्या सालच्या पत्राचा शब्द पाळून आलात. नुसते आलात आणि सांगितलंत. मी रानातून आले तेव्हा तुम्ही अंगणात उभे होतात आणि म्हणालात, "वहिनी, सांगितलं." तुमचा चेहरा इतका हलका दिसत होता, जसं काही डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलंत.

मी तुम्हाला जे बोलले ते बोलले. वस्तीनं ऐकलं. ते मी मागं घेत नाही. पण तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून हे शेवटचं पत्र.

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

मी म्हटलं, "हाव."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी मला पुढ्यात बसवलं. मग साबण मागवला. माझे हात ओले करून एकेक बांगडी सरकवून काढली. एकही फोडली नाही. म्हणाल्या, "फोडायच्या कशाला? कुनाच्या तरी कामी येतील." कपाळावरचं कुंकू स्वतःच्या पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "रड आता." मला रडू आलं नाही. दोन वर्षं त्यासाठीच थांबले होते, आणि आलं नाही. त्या मला म्हणाल्या, "माज्यामुळं आटली गं तू."

त्यानंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. शिव्या नाहीत, रडणं नाही. एकदाच बोलल्या. मी डोक्याशी बसले होते तर विचारलं, "तितं काठच नव्हता का गं?"

मी म्हटलं, "मला काय म्हाईत आत्या, मी कुठं समुद्र बघितलाय?"

"म्या बी न्हाई," म्हणाल्या. एवढंच. मंगळवारी गेल्या.

जलदान दोघांचं एकत्र झालं, आईचं आणि मुलाचं. मामांनी यांचा गणवेशातला फोटो आणि सासूबाईंची काठी शेजारी शेजारी ठेवली. विहीर भरलेली होती, पाण्याला काही तोटा नव्हता.

तुमचा दोष नाही, असं मामा म्हणतात. असेल. पण मला तुमचं तोंड बघायचं नाही. पुन्हा पत्र लिहू नका, आलं तर मी उघडणार नाही.

गुणाबाई


मु. सांगवी, ता. उदगीर, जि. लातूर
१० डिसेंबर १९८२

ताहेरभाऊ,

वरचा पत्ता वाचलात का? आम्ही आता लातूर जिल्ह्यात आहोत. ऑगस्टमध्ये झाला एकदाचा जिल्हा. फटाके वाजले. गावात काही फरक पडला नाही, विहीर तीच आहे आणि यंदा पाणीही कमीच आहे.

तुम्ही नोकरी सोडून नांदेडला सायकलचं दुकान टाकलंय असं उडत उडत ऐकलं. पत्ता माहीत नाही, म्हणून हे बिलोलीला तुमच्या आई खातूनबी यांच्या नावानं पाठवते. त्या पुढं पोचवतील. त्यांना माझा सलाम सांगा. मामा तीन वर्षांमागं गेले. मी लातूरचं शिक्षण उशिरानं का होईना केलं आणि इथंच बालवाडी चालवते. घरात एकटीच असते.

या महिन्यात चार तारखेला लातूरला नौदल दिन झाला. नवीन जिल्हा, म्हणून सगळं दणक्यात. एका कॉलेजच्या मैदानात मांडव होता. मला वीरपत्नी म्हणून गाडी पाठवून नेलं, शाल दिली, नारळ दिला. पोरांनी पुठ्ठ्याची जहाजं करून महाराजांच्या आरमाराचा देखावा केला. निळी चादर हलवून समुद्र केला होता. मग पांढऱ्या कपड्यातल्या एका साहेबांचं भाषण झालं. आरमारापासून आजच्या नौदलापर्यंत, गोवा, कराची, सगळं सांगितलं. फार छान बोलले. आपलं जहाज एका वाक्यात आलं. "या युद्धात आपण एक जहाजही गमावलं," असं म्हणाले आणि पुढं गेले. लांबलचक भाषणात एवढंच बसत असेल, मला मान्य आहे.

मग मला म्हणाले, बाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, माझे मालक सांगायचे, आम्ही वाट राखतो. बाहत्तर साली त्या वाटेनं मिलो आली आणि आपण सगळे जगलो. मिलो म्हटल्याबरोबर मांडवात हशा पिकला. लोकांना ती भाकर आठवली असेल, पोट दुखायचं ते आठवलं असेल. वाईट मनानं कुणी हसलं नाही. पण मी बोलणं तिथंच सोडून खाली बसले.

नंतर ते साहेब माझ्याजवळ आले. चांगला माणूस. म्हणाले, "ताई, खाली ड्यूटीवर होते ना? त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. एका क्षणात झालं असेल." हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मांडवाच्या दाराकडं बघत होते.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. घरी येईपर्यंत गाडीत मी तुमचाच विचार करत होते. तुम्ही पण असंच दाराकडं बघितलं होतं. पण साहेबांनी मला जे दिलं त्यात हे अंधारात, खाली, दार बंद असताना आहेत. तुम्ही सासूबाईंना जे दिलं होतं त्यात हे पाण्याच्या वर होते आणि हात मारत होते. तुमचं खोटं फार चांगलं होतं, ताहेरभाऊ. मी ते पहिल्याच कार्डात मोडून मागितलं. सासूबाईंना ते दोन वर्षं पुरलं, मला दोन दिवसही मिळालं नाही.

काल नऊ तारीख होती. जहाज बुडाल्याला अकरा वर्षं झाली. खरं काय ते मला माहीत आहे, ते घेऊन मी इतकी वर्षं काढली, आणि त्याचा मला काहीएक उपयोग झाला नाही. रडू तर अजूनही आलेलं नाही. आता चाळिशी आली, मागं कुणी नाही, आणि मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. तेव्हा पुन्हा एकदा विचारते. तुम्ही यांना पोहताना पाहिलंत का?

विचार करू नका, आणि मी समोर नाही म्हणून दाराकडंही बघावं लागणार नाही. पाकिटात कोरं कार्ड घातलंय. पत्ता मीच लिहिलाय, जिल्हा लातूर असा. या वेळी 'हो' लिहा.

गुणाबाई